ओढ्यावर राहिलेली हाक

प्रिय लिबिया,

रागावली असशील, तरी प्रियच. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू "मावशी, नंतर बोलते" म्हणून ठेवून दिलास. ठेव बाई. पण पत्राचं तसं नसतं. ते मध्येच बंद केलंस तरी टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील, म्हणून लिहायला बसले आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्या आईचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिचं सगळंच माझ्यापेक्षा चांगलं होतं, कंबरसुद्धा, आणि हे ती मला अजून ऐकवते.

आधी कामाचं. डोंगरावरच्या त्या आश्रमात, जिथं भ्रमिष्ट म्हाताऱ्यांना ठेवतात, तिथं जागा झाली आहे आणि महिनाअखेरीस आईला तिकडं पोचवायचं, असं विल्मर म्हणाला. ताई हो म्हणाली की झालं, म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. कामावरून थेट इस्पितळात येतो, आईचे पाय चेपतो. आधी मात्र ती बोलायला लागली की भिंतीकडे बघत बसायचा. तेव्हाच मला म्हणाला, आई गेली मावशी, हे नुसतं शरीर राहिलंय. तूही त्याला बोगोताहून तेच सांगितलंस म्हणे. तर ऐक. तुझी आई कुठंही गेलेली नाही. ती जागच्या जागी आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त टोचून बोलते आहे. तुम्हा दोघांना तिचं बोलणं कळत नाही, एवढंच झालंय. हो म्हणायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. दुसरं काही मागत नाही.

तिला झटका आला ते तुला माहीत आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. विल्मरचा निरोप गावाला, पालेन्केला आला तेव्हा मी अलेग्रियाचे लाडू वळत होते. पाक हातातच गार झाला, बाजरी आणि खोबरं तसंच परातीत टाकून मी तोमासाच्या घरी धावले. दुपारच्या बसनं आमचा अख्खा क्वाग्रो कार्ताहेनाला निघाला. क्वाग्रो म्हणजे काय, हे तुला आईनं कधी सांगितलं नसणार. गावातलं तिनं तुला काहीच सांगितलं नाही. आमच्याकडं एका वयाची, एका आळीची पोरं लहानपणीच अशी एक टोळी बांधतात, मुलीही आणि मुलगेही. एकदा बांधली की मरेपर्यंत. लग्नं मोडतात, भाऊ भावाचं तोंड बघत नाही, पण क्वाग्रोतून कुणी कुणाला काढत नाही. एकाच्या घरी लग्न निघालं की सगळ्यांच्या घरची भांडी तिकडं. एक आजारी पडला की बाकीच्यांनी घरी बसायचं नाही. बाहेर आम्हाला कुणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून आमच्या वाडवडिलांनी आत हे असं माणसांचं घर बांधलं असावं. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा आम्ही ओढ्यावर दुसऱ्या आळीच्या पोरांशी मारामाऱ्या करत होतो, आणि तुझी आई सगळ्यांत जोरात चावायची.

इस्पितळाच्या दारात रखवालदारानं अडवलं. आमच्या पुढं गोऱ्या कातडीचं एक कुटुंब फुगेबिगे घेऊन आत गेलं होतं, त्यांना कुणी मोजलं नाही. आम्हाला त्यानं बोटानं मोजलं. पेशंटच्या कोण तुम्ही, म्हणाला. तोमासा म्हणाली, बहिणी. एका वयाच्या एवढ्या बहिणी? तर तोमासा शांतपणे म्हणते, "आमच्या आईला घाई होती." मग त्यानं बेनितोकडं बोट दाखवलं, त्याच्या त्या झुपकेदार मिशीकडं बघत विचारलं, आणि हा? तोमासानं मागं वळूनही पाहिलं नाही. "ती थोरली." रखवालदाराला हसू आलं, आणि हसलेला माणूस दार अडवू शकत नाही. आम्ही आत गेलो.

त्या बिचाऱ्याला काय माहीत, आम्ही अशाच दारांवर जन्म काढलाय. चौदा वर्षांच्या होतो, तेव्हा तुझी आई आणि मी समुद्राकाठच्या एका उंच इमारतीत घरकामाला लागलो. ती पाचव्या मजल्यावर, मी सहाव्या. पुढची लिफ्ट मालकांची, पाहुण्यांची आणि त्यांच्या कुत्र्यांची. आमच्यासाठी मागची, कचऱ्याच्या डब्यांबरोबरची. एकदा तुझ्या आईच्या, आमच्या फिदेलियाच्या, मालकिणीची अंगठी हरवली. विचारपूस नाही, शोधाशोध नाही, पोरीला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं आणि तिची ट्रंक अडकवून ठेवली. अंगठी दोन दिवसांनी कपाटामागं सापडली, पण ट्रंक काही खाली येईना. मी गावाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा क्वाग्रो इमारतीसमोरच्या फुटपाथवर हजर, सगळे रविवारच्या कपड्यांत, पोरी फळांच्या पराती डोक्यावर घेऊन. भांडण नाही, शिवीगाळ नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक शेजारणीला हसून नमस्कार करायचा आणि सांगायचं, बाई, आम्ही पाचव्या मजल्यावरच्या फिदेलियाच्या ट्रंकेसाठी थांबलोय, अंगठी सापडली बरं का, देवाची कृपा. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला ही गोष्ट तोंडपाठ झाली. मालकिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि तिनं घाईघाईत ट्रंक खाली पाठवली ती चक्क पुढच्या लिफ्टनं. आमच्या मालकीची पुढच्या लिफ्टनं उतरलेली पहिली वस्तू ती. तुझी आई त्या ट्रंकेला पुढं कित्येक वर्षं "सेन्योरा", बाईसाहेब, म्हणायची. तुमच्या घरात पलंगाखाली असायची बघ, निळी. तीच ती.

तर आम्ही खोलीत गेलो. फिदेलिया पडली होती, तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. ओळखलं तिनं, पण शब्द फुटेना. आम्ही पाळ्या लावल्या. तोमासा सकाळी, मी दुपारी, बेनितो संध्याकाळी दाढी न करता येऊन तिला आणखी आजारी पाडायला. बरेच दिवस नुसते गेले. मग बोलायला लागली, तर नर्स एकमेकींकडं बघायला लागल्या. अर्धे शब्द स्पॅनिशसारखे वाटायचे, अर्धे कुठले कोण जाणे, सगळं तुटकं आणि उलटसुलट. त्यांनी ठरवून टाकलं, डोक्यावर परिणाम झालाय. विल्मर बाहेर जाऊन रडला. बोलली ती नेमकी सकाळी, तोमासा कॉफी आणायला खाली गेलेली असताना, त्यामुळे आमच्यातल्या कुणाच्याच कानावर ते पडलं नाही. आणि नर्सेनं "गप्प पडा, काही बोलू नका" म्हटल्यावर तुझी आई गप्प बसली. आम्ही असलो तरी तोंड उघडेना. आयुष्यभर तिला ज्यासाठी गप्प केलं, त्याच्याचसाठी पुन्हा गप्प केलं होतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक.

तेव्हा मी काय केलं सांगते. त्या इमारतीत पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मोऱ्यांच्या खिडक्या एकाच हवेच्या बोळकांडीत उघडायच्या. आपली गावची भाषा घरात बोलायची नाही, असा दोन्ही मालकिणींचा हुकूम होता. "तसलं बोबडं आमच्या पोरांच्या कानावर नको," असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही बोलायचं सोडलं आणि गायला लागलो. देवळातल्या भजनाची चाल धरायची आणि तिच्यात आपल्या भाषेत गावच्या बातम्या, आज काय जळलं, कुणाचा नवरा कधी घरी आला, सगळं बसवायचं. खाली मालकीण मैत्रिणींना सांगायची, पोरी अडाणी आहेत, पण भाविक किती. ती असं म्हणाली की तुझी आई तेही पुढच्या ओळीत गाऊन मला कळवायची. मी बादलीत तोंड घालून हसायचे. तीच चाल मी त्या दुपारी तिच्या उशाशी बसून गुणगुणले. शब्द आठवतील ते घातले, बेनितोला बायकोनं घराबाहेर काढल्याची बातमी घातली. आणि लिबिया, अर्ध्या वाकड्या तोंडानं तुझ्या आईनं पुढची ओळ उचलली. चालीत, सुरात, आमच्या भाषेत. "फार उशीर केला तिनं काढायला," असं ती गायली. मी तिच्या छातीवर डोकं ठेवून रडले, मला लाज नाही सांगायला.

त्यानंतर ती थांबेचना. झटक्यानं तिची स्पॅनिश पुसून गेली होती, शहरात शिकलेली, सांभाळून बोलायची ती. राहिली होती ती आधीची, ओढ्यावरची. मी सालोमे नावाच्या तरुण डॉक्टरबाईला बोलावून आणलं. तिलाही शंका आलीच होती म्हणे. नुसत्या बडबडीला असा ठेका नसतो, असं ती विल्मरला एकदा म्हणाली होती, पण त्याला पुढं काय विचारायचं ते सुचलं नाही. तिनं एक चमचा वर धरला आणि मला म्हणाली, विचारा, हे काय आहे. मी विचारलं. फिदेलिया बराच वेळ उत्तर देत राहिली. डॉक्टरबाईचा चेहरा पडला, तिला वाटलं गाडी घसरली. मी म्हटलं, बाई, ती म्हणते हा चमचा आहे, एवढं मला कळत नाही असं वाटलं का. आणि याच चमच्यानं काल सूप पाजलंत त्यात मीठ नव्हतं. आणि केस असे बांधून कुठं जाता, वेणी घालून देते हवी तर, हात बरा झाला की. डॉक्टरबाई एवढी हसली की नर्स धावत आली. त्या दिवसापासून तोमासा व्यायामाच्या वेळी दुभाषी म्हणून बसते आणि डॉक्टरबाईच्या केसांच्या पाच वेण्या आहेत. तोमासानं घातल्या, तुझ्या आईनं अंथरुणातून चुका काढल्या.

आता तू विचारशील, ही भाषा आईला येत होती तर आम्हाला का दिली नाही. तुला न विचारताही सांगते, कारण ती स्वतः कधी सांगणार नाही. ट्रंकेच्या आधीची गोष्ट. एका दुपारी मालकिणीकडं पाहुण्या आल्या होत्या. तिनं फिदेलियाला दिवाणखान्यात बोलावलं, मधोमध उभं केलं आणि म्हणाली, ते तुझं काय ते बोलून दाखव गं यांना. घरात बोलायचं नाही, पण पाहुण्यांसमोर खेळ म्हणून चालेल. फिदेलिया उभी राहिली. बोल म्हटल्यावर बोलली, नाहीतर काम जाणार होतं. पाहुण्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, एकीनं तर पुन्हा बोल म्हणून हट्ट धरला. त्या दिवशी बोळकांडीत मी गात राहिले, खालून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला एवढंच सांगितलं, की मला पोरं झाली तर हे तोंड त्यांना देणार नाही.

आणि दिलं नाही. तू सात वर्षांची असशील, सुट्टीत गावाला आली होतीस. आम्ही ओढ्यावर धुणं धूत होतो, तू आळीतल्या पोरींबरोबर पाण्यात. त्या दिवसभरात त्यांनी तुला काय काय शिकवलं देव जाणे. तू ओलीचिंब पळत आलीस, आईच्या मागून गळ्यात पडलीस आणि तिला आमच्या भाषेत हाक मारलीस. दोन शब्दांची हाक. फिदेलियानं वळून तुझ्या थोबाडीत दिली. आम्ही सगळ्या हातातलं धुणं टाकून बघत राहिलो. तू रडलीस पण नाहीस, नुसती बघत होतीस. नंतर तू झोपल्यावर तिनं एकच चादर धुवून काढली, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतली. तोमासा तिला वाट्टेल ते बोलली. ती म्हणाली, "माझ्या पोरीला कुणी दिवाणखान्यात उभं करून हसायचं नाही." तोमासानं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि पिळायला लागली.

मी तुझ्या आईला दोष देत नाही, तूही देऊ नकोस. आमच्यातल्या प्रत्येकीनं आपापल्या परीनं वाट काढली. तोमासानं भांडून काढली. मी हसून काढली, अजून काढते. काहीजणी फळांची परात डोक्यावर घेऊन समुद्रावर विकायला गेल्या आणि ज्या भाषेला शहर हसत होतं त्याच भाषेत एकमेकींना सांगत राहिल्या, की तो टोपीवाला खाऊन पैसे देत नाही, जपून. तुझ्या आईनं स्वतःचं तोंड मिटून घेतलं आणि तुम्हा दोघांना शाळेत घातलं. पहाटे उठून लोकांची फरशी पुसायची आणि संध्याकाळी तुझा एकेक उच्चार तपासायची, मालकिणीसारखा होईपर्यंत. आज तू बोगोताच्या थंडीत मोठ्या कचेरीत बसतेस, कुठली म्हणून विचारलं तर कार्ताहेनाची म्हणून सांगतेस, आणि कुणी पुढं विचारत नाही. हे तिनं तुझ्यासाठी एकटीनं केलंय, आणि त्याला छातीत दम लागतो. मला जमलं नसतं. फक्त आपण म्हातारं झाल्यावर नेमकं काय शिल्लक राहील, हे बाईला ठाऊक नव्हतं. ते कुणालाच नसतं.

इथं आता जग उलटं झालंय. गावच्या शाळेत पोरं तीच भाषा शिकतात, भिंतीवर लिहितात, आणि माझी नात माझ्या चुका काढते, "आज्जी, असं नाही म्हणायचं." मी म्हणते, बये, मी बोलत होते तेव्हा तुझी शाळेतली बाई जन्माला आली नव्हती. हे सगळं मी फिदेलियाला सांगितलं तर तिचा आधी विश्वास बसेना. मग म्हणाली, मला बघायचंय. म्हणून आमचं ठरलंय. तिला पालेन्केला आणायचं. तोमासाच्या घराला पायरी नाही. बेनितोनं जुन्या सायकलीची चाकं लावून खुर्ची केली आहे, ती उजवीकडं ओढते, पण करेल नीट. पाळ्या ठरल्या आहेत. डॉक्टरबाई म्हणाली, औषध लिहून देते, पण जिथं तिच्याशी बोलणारी माणसं आहेत तिथं ती लवकर सुधारेल. विल्मर तोमासाकडून रोज एकदोन शब्द शिकतो. आई त्याच्या उच्चाराची टर उडवते आणि तो आनंदानं उडवून घेतो. तो आमच्याकडून आहे, पण ताईला विचारल्याशिवाय काही करणार नाही. तू हो म्हणालीस तर ती त्या आश्रमात जाईल, जिथं तिचं बोलणं ऐकून कुणीतरी पुन्हा तिला गप्प करील, आणि ती गप्प बसेल. तुला माहीत आहे ती किती चांगली गप्प बसते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. त्या रविवारी तू फोन केलास तेव्हा फोन तिच्या कानाशी मीच धरला होता. तू म्हणालीस, आई, मी लिबिया. ती बोलायला लागली, बराच वेळ बोलली. तू रडायला लागलीस, ती काय बडबडते मला ऐकवत नाही म्हणालीस आणि ठेवलास. तुझी चूक नाही. पण ती बडबडत नव्हती. मी शेजारी बसून ऐकलंय, शब्दाला शब्द लिहिते. ती म्हणाली, "माझ्या लेकरा, तू मला ओढ्यावर हाक मारलीस आणि मी तुला मारलं. तेव्हा मी घाबरले होते. आता मला कुणाची भीती नाही. ती हाक एकदा पुन्हा मार." तू ठेवलास तरी ती फोनकडे बघत राहिली. त्यानंतर रोज दुपारी मला विचारते, आज रविवार का. दोन शब्द आहेत, लिबिया, विसरली असशील तर पुन्हा सांगते. "माई मि." माझी आई, एवढाच अर्थ. येत्या रविवारी दुपारी मी फोन तिच्या कानाशी धरून बसेन. आश्रमाचं, विल्मरचं, माझं, सगळं मागनं बोलू. आधी तेवढे दोन शब्द म्हण. उच्चार चुकेल तुझा. चुकू दे. इथं कुणी हसणार नाही.

तुझीच,
सहाव्या मजल्यावरची मोराइमा मावशी